पलटणीची वंशावळ कोण लिहितो?

गेल्या डिसेंबरात आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत एका पोराने मला प्रश्न विचारला. पोरगा सैन्यभरतीची तयारी करतोय, रोज पहाटे डांबरी रस्त्यावर धावतो. म्हणाला, "ताई, कोरेगावचा युद्धसन्मान महार रेजिमेंटकडेच आहे ना?" मी बेधडक "हो, मग कोणाकडे असणार?" म्हणून मोकळी झाले. रात्री घरी येऊन जरा वाचायला बसले तेव्हा लक्षात आलं की मी त्याला चुकीचं उत्तर दिलंय. आणि चूक साधी नव्हती. सैन्यात 'वारसा' म्हणजे काय, तो कोणाला मिळतो आणि कोणाकडून काढून घेतला जातो, हेच मला माहीत नव्हतं. समाजशास्त्रात एम.ए. करूनही नव्हतं. हा लेख त्या चुकीची दुरुस्ती आहे. पण दुरुस्ती करता करता मी थेट अमेरिकेत जाऊन पोहोचले, त्यामुळे सुरुवात तिथूनच करते.

अमेरिकन लष्करात प्रत्येक जुन्या पलटणीच्या नावे एक कागद असतो. लष्कराचं स्वतःचं इतिहास केंद्र तो तयार करतं. त्यात दोन भाग असतात. पहिला वंशावळीचा, दुसरा सन्मानांचा. वंशावळीत काय लिहितात? अमुक तारखेला पलटण कागदावर स्थापन झाली, अमुक छावणीत प्रत्यक्ष उभी राहिली, अमुक तारखेला विसर्जित झाली, पुढे पुन्हा स्थापन झाली, दुसऱ्या पलटणीत मिसळली, नवा क्रमांक मिळाला. सन्मानांच्या भागात कोणत्या मोहिमांत भाग घेतला आणि कोणती पदकं मिळाली याची यादी. बस, एवढंच. कोकणस्थांचे कुलवृत्तांत ज्यांनी चाळलेत त्यांना ही भाषा ओळखीची वाटेल. फरक इतकाच की कुलवृत्तांतात निदान रक्ताचं नातं तरी गृहीत धरलेलं असतं. लष्करी वंशावळीत रक्त नाही, माणसंही नाहीत. वंश चालतो तो क्रमांकाचा आणि आदेशाचा. पलटणीतला शेवटचा जुना शिपाई निवृत्त झाला, त्याच्या जातीची भरतीही बंद झाली, तरी पलटणीचा वंश अखंड राहतो आणि त्याने रक्त सांडून मिळवलेला सन्मान तिथेच राहतो. उलट त्याचा नातू दुसऱ्या पलटणीत भरती झाला तर त्या सन्मानावर त्याचा कागदोपत्री काडीचाही हक्क नाही.

आता ही गोष्ट मला एका सिग्नल बटालियनच्या निमित्ताने कळली. ३२५ वी फील्ड सिग्नल बटालियन. पहिल्या महायुद्धातली. अमेरिकन लष्करातली कृष्णवर्णीयांची पहिली सिग्नल पलटण.

सिग्नलच का, असं कोणी विचारेल. त्याचं उत्तर महत्त्वाचं आहे. पायदळाला शरीर लागतं. बंदूक उचलायला, खंदक खणायला, मरायला माणूस लागतो, आणि राज्यकर्त्यांना तेवढ्यापुरता काळा माणूस किंवा अस्पृश्य माणूस चालतो. सिग्नलला मात्र वाचता-लिहिता येणारा माणूस लागतो. तारायंत्राची कट्ट-कडकट्ट भाषा कळणारा, संदेश सांकेतिक करणारा आणि उलगडणारा, बिनतारी यंत्र दुरुस्त करणारा. शिवाय सेनापतीचा प्रत्येक हुकूम त्याच्या हातातून जातो. म्हणजे ज्ञान आणि विश्वास, दोन्ही द्यावे लागतात. जातिव्यवस्था असो की वर्णद्वेष, हात वापरायला तिची ना नसते. डोकं वापरू द्यायची वेळ आली की मग कायदे आठवतात.

हे केवळ माझं भाष्य नाही, घडलेलं आहे. अमेरिकेत यादवी युद्धानंतर सैन्याची पुनर्रचना झाली तेव्हा कृष्णवर्णीयांसाठी चार पलटणी उरल्या: घोडदळाची ९ वी आणि १० वी, पायदळाची २४ वी आणि २५ वी. १८८४ साली न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचा पदवीधर विल्यम हॅलेट ग्रीन याने सिग्नल कोअरमध्ये भरतीसाठी अर्ज केला. तेव्हा देशाचं हवामान खातं सिग्नल कोअरच चालवत असे. तापमान, वारा, पाऊस यांच्या नोंदी तारेने पाठवायच्या, असं ते काम. मुख्य सिग्नल अधिकारी जनरल हेझन यांनी अर्ज फेटाळला. कारण काय? तर काळ्यांसाठी कायद्याने चार पलटणी नेमून दिल्या आहेत, सिग्नल त्यात बसत नाही. बघा, ज्या तरतुदीने काळ्यांना सैन्यात जागा दिली, तीच तरतूद त्यांना बाकी सगळीकडून बाहेर ठेवायला वापरली! राखीव जागांबाबत आपल्याकडे हाच खेळ आपण रोज बघतो. 'तुमच्या जागा तिकडे आहेत, खुल्या जागेवर कशाला येता?' हा प्रश्न मुलाखतीच्या खोलीत ऐकलेले मुलं-मुली माझ्या ओळखीत आहेत. ग्रीनचं नशीब असं की त्या वेळी युद्धमंत्री होते रॉबर्ट लिंकन, अब्राहम लिंकन यांचे चिरंजीव. त्यांनी हेझनचा निर्णय फिरवला आणि ग्रीनला घ्यायला लावलं. पण एक माणूस आत आला म्हणजे दार उघडलं असं होत नाही. त्यानंतर पलटणीच्या पातळीवर दार उघडायला १९१७ साल उजाडावं लागलं.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली, सक्तीची भरती सुरू झाली आणि कृष्णवर्णीय तरुणांचे लोंढे छावण्यांत आले. आयोवा राज्यातल्या फोर्ट डी मॉइन येथे काळ्या अधिकाऱ्यांसाठी स्वतंत्र प्रशिक्षण छावणी उघडली गेली. त्या ऑक्टोबरात तिथून ६३९ जण अधिकारी होऊन बाहेर पडले. मग ९२ वी डिव्हिजन उभी झाली. डिव्हिजन म्हणजे एक स्वयंपूर्ण सैन्य. तिच्यात पायदळ, तोफखाना, इंजिनिअर असतात, तसंच सिग्नलही लागतं. म्हणून ३२५ वी फील्ड सिग्नल बटालियन. ती ओहायो राज्यातल्या कॅम्प शर्मनमध्ये तयार झाली. मुख्यालय कॅन्ससमध्ये, सिग्नलवाले ओहायोत, बाकीचे आणखी पाच छावण्यांत विखुरलेले. हजारो काळे सैनिक हत्यारांसह एका जागी जमू नयेत ही त्यामागची भीती. त्यामुळे ही डिव्हिजन अमेरिकेत कधी एकत्र कवायतसुद्धा करू शकली नाही. डिव्हिजनला जोडून ठेवायचं काम ज्या बटालियनचं, तीच डिव्हिजनपासून शेकडो मैल लांब!

सिग्नलसाठी माणसं कुठून आणणार हाही प्रश्न होता. तारायंत्र आणि टेलिफोनच्या धंद्यात काळ्यांना कुशल कामावर घ्यायची रीतच नव्हती. टेलिफोनच्या स्विचबोर्डवर काळी मुलगी बसलेली बघायला बहुतेक शहरांना १९४० चं दशक यावं लागलं. आधी धंद्यात शिरू द्यायचं नाही आणि मग म्हणायचं, अनुभवी माणसं मिळत नाहीत. आपल्याकडे याच युक्तिवादाला 'योग्य उमेदवार उपलब्ध नाही' असा सरकारी शेरा आहे. तरी बटालियन उभी राहिली. शिकलेली, तांत्रिक शाळा-कॉलेजांतून आलेली तरुण पोरं त्यात होती. बिनतारी, तार आणि आघाडीवरची चौकी अशी कंपन्यांची विभागणी असे.

जून १९१८ मध्ये डिव्हिजन फ्रान्सला पोहोचली. ऑगस्टात सँ-दिए भागात, सप्टेंबर अखेरीस म्यूज-आर्गोनच्या मोठ्या लढाईत, नंतर मार्बाश भागात. सिग्नलवाल्याचं युद्ध कसं असतं ते समजून घ्या, कारण सिनेमात ते दिसत नाही. खंदकापासून मुख्यालयापर्यंत तार अंथरायची. तोफगोळा पडला की तार तुटते. तुटली की कोणीतरी रांगत जाऊन, अंधारात तार हाताने चाचपत, तुटलेलं टोक शोधून जोडायचं. तेवढ्यात दुसरीकडे तुटते. तार चालेनाशी झाली तर दिव्याने संदेश, दिवा दिसेना तर कबूतर, कबूतर नसेल तर माणूस धावत सोडायचा. यात गोळी झाडायची वेळ क्वचितच, पण गोळी लागायची शक्यता पुरेपूर. १० आणि ११ नोव्हेंबरला, म्हणजे युद्धबंदीच्या शेवटच्या तासांपर्यंत, ९२ वी डिव्हिजन मोझेल नदीकाठी बुआ फ्रेहोच्या जंगलात लढत होती.

आता सन्मानांचं बघू. मार्च १९१८ मध्ये, डिव्हिजन अजून अमेरिकेत असतानाच, कॅन्ससमध्ये एका काळ्या सार्जंटला नाटकगृहात शिरताना अडवलं गेलं. कायद्याने त्याला आत बसायचा हक्क होता. डिव्हिजनचे सेनापती जनरल बॅलू यांनी तेही मान्य केलं. पण त्यांनी काढलेल्या ३५ क्रमांकाच्या पत्रकात दोष सार्जंटलाच दिला: हक्क असला तरी जिथे आपण नकोसे आहोत तिथे जायचं कशाला? आणि पुढे बजावलं की ही डिव्हिजन गोऱ्यांनी घडवली आहे, त्रास झाला तर तेच ती मोडूही शकतात. हे वाक्य मी दोन-तीनदा वाचलं. लष्करी वंशावळीचा सगळा सिद्धांत बॅलूसाहेबांनी एका ओळीत सांगून टाकला. घडवणारा हात ज्याचा, मोडणारा हात त्याचा.

फ्रान्समध्ये पुढची पायरी. ऑगस्ट १९१८ मध्ये अमेरिकन मुख्यालयाशी संपर्क ठेवणाऱ्या फ्रेंच कार्यालयातून कर्नल लिनार यांच्या सहीचं एक गुप्त टिपण निघालं. फ्रेंच अधिकाऱ्यांना सूचना होती की काळ्या अमेरिकन सैनिकांशी फार सलगी नको, हस्तांदोलन नको, एकत्र जेवण नको, आणि गोऱ्या अमेरिकनांसमोर त्यांचं फार कौतुक तर मुळीच नको. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस युद्धानंतर फ्रान्सला गेले, कागद गोळा केले आणि मे १९१९ च्या 'क्रायसिस'मध्ये हे टिपण छापून टाकलं. म्हणजे सन्मान मिळाला नाही असं नुसतं नाही. सन्मान द्यायचा नाही याचा लेखी आदेश होता.

डिव्हिजनच्या चार पायदळ पलटणींपैकी ३६८ वी आर्गोनच्या हल्ल्यात विस्कळीत झाली. तिला पुरेसा तोफमारा नव्हता, काटेरी तार तोडायची साधनं नव्हती, नकाशे नव्हते. पण ठपका आला तो संपूर्ण डिव्हिजनवर, नव्हे संपूर्ण वंशावर. १९२५ साली अमेरिकन आर्मी वॉर कॉलेजने 'युद्धात निग्रो मनुष्यबळाचा वापर' या विषयावर अहवाल केला आणि काळा माणूस जात्याच भित्रा, बुद्धीने कमी, नेतृत्वाला नालायक असं 'शास्त्रीय' भाषेत लिहून ठेवलं. ३२५ वी १९१९ मध्ये विसर्जित झाली होतीच. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात सिग्नल आणि हवाई दलाची दारं काळ्यांना पुन्हा बंद झाली. ज्यांनी फ्रान्समध्ये तारा जोडल्या होत्या त्यांच्या धाकट्या भावांना सांगण्यात आलं, तुम्हाला हे काम जमत नाही. पहिल्या महायुद्धात एकाही काळ्या सैनिकाला मेडल ऑफ ऑनर मिळालं नाही. फ्रेडी स्टॉवर्सला मिळालं १९९१ मध्ये, हेन्री जॉन्सनला २०१५ मध्ये. दोघेही केव्हाच मेलेले.

इथे एक गोष्ट मात्र नीट बघा, कारण पुढे ती आपल्या कामाची आहे. त्याच युद्धात काळ्यांच्या काही पलटणींची वंशावळ तुटली नाही. न्यूयॉर्कची ३६९ वी, जिला 'हार्लेम हेलफायटर्स' म्हणतात, आणि शिकागोची ३७० वी. त्यांचा वंश आजच्या नॅशनल गार्डपर्यंत चालत आलाय. ही माणसं ३२५ पेक्षा जास्त शूर होती का? शौर्य मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. फरक असा की या मूळच्या राज्य पातळीवरच्या पलटणी होत्या. न्यूयॉर्कची १५ वी, इलिनॉयची ८ वी. त्यांच्यामागे हार्लेम होतं, शिकागोची दक्षिण बाजू होती, तिथली वर्तमानपत्रं, चर्चेस, मतदार होते. १९२८ मध्ये शिकागोनेच ऑस्कर डी प्रीस्ट यांना काँग्रेसमध्ये निवडून पाठवलं. ३२५ मागे कोण होतं? सक्तीच्या भरतीने वेगवेगळ्या गावांतून उचललेली पोरं. घरी परतली आणि विखुरली. पलटणीचा वंश तिथे टिकला जिथे मागे संघटित समाज होता, मतपेटी होती.

आता आपल्याकडे येऊ. १९१७ हे साल लक्षात ठेवा. ओहायोत ३२५ वी उभी राहत होती त्याच वर्षी मुंबई इलाख्यात इंग्रजांनी १११ वी महार पलटण उभी केली. कारण तेच. युद्धात माणसं कमी पडली. त्याआधी पंचवीस-एक वर्षं महारांची भरती बंद होती. लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळात 'लढाऊ जाती'चा सिद्धांत आला, कंपन्या जातवार झाल्या, आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांना सैन्याचं दार बंद झालं. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे निवेदन पाठवलं. दोघांनाही दाद मिळाली नाही. जे काम अर्ज-विनंत्यांनी झालं नाही ते जर्मन तोफांनी केलं. आणि युद्ध संपताच? १९२० मध्ये १११ वी पलटण ७१ व्या पंजाबी पलटणीत मिसळून टाकली आणि १९२१ मध्ये मोडली. तिकडे १९१९, इकडे १९२१. दोन खंड, दोन साम्राज्यं, आणि हिशेब किती सारखा! गरज असेल तेव्हा घडवा, गरज सरली की मोडा. बॅलूसाहेबांना पुण्याला यायची गरजच नव्हती.

आता त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावात लढली ती मुंबई देशी पायदळाच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन. तिच्यात महार सैनिक मोठ्या संख्येने होते. स्तंभावरच्या मृतांच्या नावांत 'नाक' लागणारी २२ नावं आहेत. या बटालियनला पुढे 'ग्रेनेडियर' हा किताब मिळाला. १८२४ च्या पुनर्रचनेत ती मुंबई देशी पायदळाची दुसरी ग्रेनेडियर रेजिमेंट झाली. १९०३ मध्ये १०२ वी ग्रेनेडियर्स. १९२२ मध्ये चौथ्या बॉम्बे ग्रेनेडियर्सची दुसरी बटालियन. आणि आज ती आहे भारतीय लष्कराच्या 'द ग्रेनेडियर्स' रेजिमेंटमध्ये. कोरेगावचा युद्धसन्मान वंशावळीप्रमाणे तिथे गेला. तोपर्यंत त्या पलटणीतली महारांची भरती बंद होऊन पिढ्या उलटल्या होत्या. महार रेजिमेंट कागदावर जन्मली १ ऑक्टोबर १९४१ ला, बेळगावात. तिचा कोरेगावशी लष्करी वंशावळीत संबंध शून्य.

म्हणजे नातू इथे आणि आजोबांचं पदक तिथे. ग्रेनेडियर्सवर माझा राग नाही, त्यांनी काही चोरलेलं नाही. नियमच तसा आहे. पण नियम 'तटस्थ' आहे म्हणून त्याचा परिणामही तटस्थ असतो असं कोणी मला शिकवू नये. भरती बंद करणाऱ्यानेच वंशही तोडला. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या आत राहू दिलं त्यांना सलग वंशावळ मिळाली, ज्यांना पुन्हा पुन्हा बाहेर काढलं त्यांचा प्रत्येक वेळी नव्याने जन्म.

पुढे आणखी एक गंमत आहे. स्वातंत्र्यानंतर भारतीय लष्कराने ठरवलं की भारतीय सत्तांविरुद्ध लढून मिळवलेले इंग्रजकालीन युद्धसन्मान मिरवायचे नाहीत. मराठ्यांविरुद्धचे, शिखांविरुद्धचे, १८५७ चे. त्यात कोरेगावही गेलं. धोरण म्हणून त्यात तर्क आहे हे मी नाकारत नाही. नव्या देशाच्या सैन्याने देशबांधवांवरच्या विजयाचे झेंडे का नाचवावेत? पण 'देशबांधव' हा शब्द सरसकट वापरला की माझं पाऊल अडखळतं. बाबासाहेबांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये पेशवाईतल्या गळ्यातल्या मडक्याचा आणि कमरेच्या झाडूचा दाखला दिला आहे. त्या मडक्याच्या मालकांनी तेव्हा महाराला देशबांधव मानलं होतं का? महार रेजिमेंटच्या पहिल्या बिल्ल्यावर दोन मशीनगन आणि मधे कोरेगावचा स्तंभ होता. नंतर स्तंभ जाऊन तिथे खंजीर आला. लष्करी वंशावळीने जे दिलं नव्हतं ते बाबासाहेबांच्या पिढीने बिल्ल्यावर आणलं होतं. तेही राहिलं नाही.

पण आपल्याही घरातला कचरा बघायला हवा. दर ३१ डिसेंबरला व्हॉट्सअ‍ॅपवर '५०० महारांनी २८ हजार पेशव्यांना कापलं' असे मेसेज फिरतात. मीही पूर्वी पुढे ढकललेत. वस्तुस्थिती अशी: कॅप्टन स्टॉन्टनकडे एकूण सुमारे ८३४ माणसं होती. त्यांत पुणे इरेग्युलर हॉर्सचे स्वार होते, मद्रास तोफखान्याचे गोलंदाज होते. बटालियनमध्ये महारांबरोबर मराठे, मुसलमान, राजपूत आणि ज्यूही होते, स्तंभावरची नावंच ते सांगतात. पेशव्याचं सैन्य जवळपास २८ हजारांचं असलं तरी गावावर प्रत्यक्ष चालून आलेल्या तुकड्या साधारण दोन हजारांच्या, त्यांत अरब मोठ्या संख्येने. दिवसभर पाणी-अन्नाविना गाव धरून ठेवलं आणि रात्री पेशव्याचं सैन्य मागे फिरलं. स्टॉन्टनची २७५ माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. हे काय कमी आहे? यात भर घालायची गरज काय? आपण आकडा फुगवला की समोरचा आपला आकडा खोडतो, आणि त्या खोडण्यात २२ नावंही पुसून टाकतो. ३२५ वाल्यांविरुद्ध वॉर कॉलेजने खोटा अहवाल केला. त्याला उत्तर म्हणून डुबॉइस यांनी खोटी स्तुती लिहिली नाही, खरे कागद छापले. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब कोरेगावला गेले तेव्हाही त्यांना आरती ओवाळायची नव्हती. भरती पुन्हा सुरू व्हावी ही चालू राजकीय मागणी त्यांच्यासमोर होती.

आणि सैन्यात जाण्याचा बाबासाहेबांचा आग्रह बंदुकीपुरता कधीच नव्हता. कंपनीच्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिक्षण मिळत होतं, म्हणून अस्पृश्यांतला पहिला साक्षर वर्ग छावण्यांत घडला, हे त्यांनी वारंवार सांगितलं. रामजी सुभेदार महूच्या लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. भरती बंद झाली तेव्हा पगाराबरोबर शाळाही गेली. सिग्नलची गोष्ट मला इतकी भिडली ती याचसाठी. हेझन आणि रॉबर्ट्स एकमेकांना ओळखतही नसतील, पण दोघांनी एकच दार बंद केलं.

जुलै १९४१ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि काही महिन्यांत महार रेजिमेंट उभी राहिली. पहिली बटालियन बेळगावात, दुसरी कामठीत. हा योगायोग नाही. अर्जाच्या जागी अधिकार आला. शिकागोच्या पलटणीमागे जशी मतपेटी उभी होती तशी इथे एक संघटित चळवळ उभी होती, म्हणून युद्ध संपल्यावरही महार रेजिमेंट टिकली. याची उलट बाजूही बघा. १९४३ मध्ये उभी झालेली चमार रेजिमेंट ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढली आणि १९४६ मध्ये मोडली गेली. ती पुन्हा उभी करा ही मागणी अजून चालू आहे. त्याच १९४६ सालच्या जुलैत बाबासाहेब आणि डुबॉइस यांचा पत्रव्यवहार झाला. अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे जो अर्ज केला होता त्याच्या प्रती बाबासाहेबांना हव्या होत्या.

आज महार रेजिमेंट फक्त महारांची नाही, तिच्यात देशभरातले सगळ्या जातींचे सैनिक आहेत. १९८७ मध्ये श्रीलंकेत परमवीरचक्र मिळवणारे मेजर रामस्वामी परमेश्वरन ८ महारचे. जनरल कृष्णराव, जनरल सुंदरजी हे लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे. आपल्यातले काही जण कुरकुरतात की आपली पलटण आपली राहिली नाही. मला उलट वाटतं. एका अस्पृश्य जातीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पलटणीत तामिळ ब्राह्मण अभिमानाने लढतो, यापेक्षा जातीच्या भिंतीला मोठं भगदाड कोणतं? प्रश्न त्या पलटणीचा नाहीच. प्रश्न असा आहे की बाकीच्या पलटणींत, आणि सिग्नलसारख्या तांत्रिक कोअरमध्ये अधिकारी म्हणून, आपली मुलं-मुली किती आहेत? सैन्याच्या भरतीत अनुसूचित जातींना आरक्षण नाही, त्यामुळे हा आकडा कोणाला मोजावासाही वाटत नाही.

१४ एप्रिलला आपण लाखोंनी महूला जातो. भीम जन्मभूमीच्या स्मारकावर रांग लावतो, वरण-भात खातो, फोटो काढतो आणि परत येतो. त्याच गावात भारतीय लष्कराचं मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग आहे. सिग्नल कोअरच्या अधिकाऱ्यांचं शिक्षण तिथे होतं. बाबासाहेबांचा जन्म ज्या छावणीत झाला तिथेच ते विद्यालय आहे, आणि आपल्यातल्या शंभरांतल्या नव्वदांना ते माहीतच नाही. मलाही दोन वर्षांपूर्वीपर्यंत माहीत नव्हतं. बसमधून पाटी दिसली होती फक्त.

त्या पोराला मी दुसऱ्या आठवड्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. चूक कबूल केली. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "म्हणजे ताई, आपलं काहीच नाही का तिथे?" मी म्हटलं, स्तंभ आहे, नावं आहेत, आणि घरोघरी पत्र्याच्या पेट्या आहेत. आमच्याच वस्तीत एका आजीकडे तिच्या सासऱ्याचा सैन्यातून सुटल्याचा दाखला निघाला. घडीवर फाटलेला, पलटणीचा आकडा अर्धा पुसलेला. तिने तो नातसुनेच्या प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डासोबत ठेवला होता. आता अभ्यासिकेतली पोरं दर रविवारी घराघरांत जाऊन असे कागद बघतात, मोबाईलवर फोटो काढतात आणि एका वहीत नाव, गाव, पलटण, भरतीचं साल, सुटल्याचं साल असं लिहून ठेवतात. आतापर्यंत वहीची अकरा पानं भरली आहेत. तुमच्या गावात पेटी उघडणारं कोणी असेल तर कागद लॅमिनेट करू नका, जुन्या कागदाचं त्याने वाटोळं होतं. दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि मूळ कागद आजीला परत द्या.